आयलरचा होकार

रेव्हो बेटावर फ्रोदे रास्कला सगळे पोस्टमास्तर म्हणायचे आणि त्याला ते मुळीच आवडायचं नाही. बेटावरचं खरं पोस्ट ऑफिस कधीच बंद झालं होतं. टपालाची पिशवी फेरीबोटीतून यायची आणि पत्रं वाण्याच्या दुकानातून घ्यावी लागायची. फ्रोदे बसायचा फेरीच्या तिकीटखिडकीवर. पण बेटाची ईमेल चालवायचा तोच. शाळेच्या माळ्यावर, जुन्या नकाशांच्या कपाटाला टेकून, एक सर्व्हर घरघरत असायचा. बेटावरच्या जवळजवळ प्रत्येकाचा ईमेलचा पत्ता त्याच्यावर होता आणि प्रत्येक पत्त्याच्या शेपटीला बेटाचं नाव. लोकांना त्याचा फार अभिमान. मुलं शिकायला कोपनहेगनला गेली, तिथंच नोकरीला लागली, तरी तो पत्ता सोडायची नाहीत.

तो सर्व्हर उभा केला होता आयलरने, फ्रोदेच्या थोरल्या भावाने. तेव्हा दोघं भाऊ वडिलांच्या बोटीवर मासेमारी करायचे. लाकडी बोट, नाव एलिदा. आयलरला तारांचा, यंत्रांचा नाद. बोटीवरचा रेडिओ बिघडला की तो दुरुस्त होईपर्यंत जेवायला खाली उतरायचा नाही. नगरपालिकेने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर त्याने मागून आणला, हिवाळाभर त्याच्याशी झटापट केली आणि वसंतात बेटाला ईमेल मिळाली. बेटाच्या नावाची इंटरनेटवर नोंदणी करताना कुणाचं तरी नाव मालक म्हणून लिहायचं होतं. त्याने स्वतःचं लिहिलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. फ्रोदे त्याच्या शेजारी स्टुलावर बसून बघून बघून शिकला.

मग समुद्रातला कॉड मासा आटत गेला. सरकारने योजना काढली: बोट मोडा, भरपाई घ्या. बोटीचे कागद थोरल्याच्या नावावर होते. त्याच सुमारास दोरखंड ओढायच्या यंत्रात पाय सापडून फ्रोदे ओडेन्सच्या इस्पितळात पडला होता. तो कुबड्या घेऊन परत आला तेव्हा धक्क्यावर एलिदाची जागा रिकामी होती. एका सकाळीच यंत्राने तिचे तुकडे करून ट्रकमध्ये भरले होते. कण्याचं एक लाकूड तेवढं खाली राहिलं होतं, त्यावर पोरं उड्या मारत होती.

"तू मला विचारलं नाहीस," फ्रोदे म्हणाला.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास," आयलर म्हणाला.

दोघांमधलं बोलणं तिथं संपलं, ते संपलंच. आयलर बेट सोडून समोरच्या किनाऱ्यावर स्वेनबोर्गला गेला, एका जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात गोदाम सांभाळू लागला. त्याने लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा तो आला, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला आणि कॉफीला न थांबता परतीच्या फेरीने गेला. तिकीटखिडकीवर त्या दिवशी दुसरा माणूस होता.

एक गोष्ट मात्र दोघांमध्ये उरली, आणि तीही कुणी ठरवून ठेवली नव्हती. सर्व्हरला सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. हा सर्व्हर खरोखर रेव्होचाच आहे, मध्ये कुणी चोर तोतया बनून बसलेला नाही, अशी ग्वाही एक परदेशी कंपनी द्यायची. ती ग्वाही वर्षभर टिकायची; दर मे महिन्यात नवी घ्यावी लागायची. फ्रोदेने अर्ज केला की कंपनी, ज्याच्या नावावर बेटाची नोंदणी आहे त्याला, म्हणजे आयलरला, एक ईमेल पाठवायची: अमक्याने प्रमाणपत्र मागितलं आहे, तुमची संमती असेल तर इथे दाबा. आयलर दाबायचा. फ्रोदेने सकाळी अर्ज करावा आणि दुपारची फेरी लागायच्या आत मंजुरी यावी, असं दरवर्षी चालायचं. सोबत एक अक्षर नाही, चौकशी नाही.

त्या संध्याकाळी फ्रोदे घरी जाऊन बूट काढता काढता बायकोला सांगायचा, "झालं ते सर्टिफिकेट."

"म्हणजे तुझा भाऊ ठीक आहे म्हणायचं," मेरेते म्हणायची.

"सर्टिफिकेट झालं म्हणतोय मी."

"मीही तेच म्हणतेय."

नोंदणी दुसऱ्याच्या नावावर करता आली असती, पण त्यासाठी आयलरची सही लागली असती आणि सही मागायला बोलावं लागलं असतं. पुढे फुकटची प्रमाणपत्रं निघाली. एकदा व्यवस्था लावून दिली की ती आपोआप नवी होत राहायची, कुणाला विचारायची गरजच नाही. शाळेतल्या नव्या शिक्षिकेने दोनदा येऊन फ्रोदेला हे समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, चाललंय ते बरं चाललंय. तिला वाटलं, म्हाताऱ्याला नवं शिकायचा कंटाळा आहे. मेरेतेला वेगळं काही वाटलं असावं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या हिवाळ्यात ग्रामसंघाच्या बैठकीत कुणीतरी विषय काढला की बेटाचं नाव बेट सोडून गेलेल्या माणसाच्या मालकीचं कसं? ठराव झाला. एप्रिलच्या शेवटी संघाने आयलरला ईमेलने पत्र धाडलं: नोंदणी संघाच्या नावावर करून द्यावी. भाषा जरा कोरडी, सरकारी होती. फ्रोदे त्या बैठकीला गेला नव्हता. पत्राचं उत्तर आलं नाही.

मे महिना आला. फ्रोदेने नेहमीप्रमाणे अर्ज केला. दुपारची फेरी आली, गेली. संध्याकाळपर्यंत मंजुरी नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवडा उलटला तरी नाही. कंपनीने आयलरला आठवण करून दिल्याचं फ्रोदेला कळवलं. तरी काही हललं नाही.

फ्रोदेने मनाशी हिशेब जुळवला: पत्राचा राग आलाय त्याला. ते पत्र मीच लिहायला लावलं असं वाटतंय. आता दाखवतोय मालकी कुणाची ती.

मेरेते म्हणाली, फोन करून विचार ना सरळ.

"मी का करू? बटण त्याच्याकडे आहे."

"अरे, ईमेल दिसली नसेल त्याला."

"इतकी वर्षं दिसली. यंदाच बरी नाही दिसली?"

जुन्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि बेटावर गोंधळ उडाला. ज्याच्या त्याच्या फोनवर ताकीद यायला लागली: या सर्व्हरची ओळख पटत नाही, तो कुणी भलताच असू शकतो, तुमची पत्रं चोरीला जाऊ शकतात. काहींचे फोन तर पत्रं उघडायलाच तयार होईनात. बेटावर मोटारदुरुस्ती करणारा आणि उन्हाळ्यात पाहुण्यांना घर भाड्याने देणारा व्हिगो हैराण झाला. त्याच्या पाहुण्यांची पत्रं अडकली. म्हातारी सिग्ने आपला टॅबलेट टॉवेलात गुंडाळून तिकीटखिडकीवर घेऊन आली. तिचा मुलगा ग्रीनलंडला. ती घाबरून गेली होती, आपणच काहीतरी भलतं दाबलं असं तिला वाटत होतं.

"तू काही केलेलं नाहीस, सिग्ने," फ्रोदे म्हणाला. "खाली लिहिलंय ना, 'तरीही पुढे जा', ते दाब."

"पण वर लिहिलंय की विश्वास ठेवू नका."

"आपलाच सर्व्हर आहे तो."

"मग त्याला ते कसं माहीत नाही?"

आयुष्यभर फ्रोदेने लोकांना बजावलं होतं की अशी ताकीद आली तर पुढे जाऊ नका, आधी मला विचारा. आता तोच खिडकीत बसून जो येईल त्याला पुढे जा म्हणून सांगत होता, आणि दरवेळी सांगताना त्याचा आयलरवरचा राग वाढत होता. शिक्षिका पुन्हा येऊन म्हणाली की ते फुकटचं प्रमाणपत्र मी अर्ध्या दिवसात लावून देते. फ्रोदे तिच्यावर जवळजवळ ओरडला. मग दुपारी तिच्या वर्गाच्या दाराशी जाऊन त्याने माफी मागितली, पण लावून दे असं काही म्हणाला नाही.

शेवटी व्हिगोच धक्क्यावर सगळ्यांसमोर बोलला. त्याची जीभ तशी तिखटच. "पोस्टमास्तर, तुम्हा दोघांचा रुसवा तुम्ही घरात ठेवा की. तुम्ही एकमेकांकडे बघत नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी आंधळं व्हायचं का? तुला लाज वाटत असेल तर बायकोला करू दे फोन."

मेरेतेने त्याच संध्याकाळी फोन केला. वाजत राहिला. सकाळी केला, जेवणाच्या वेळी केला. कुणी उचलला नाही.

"नंबर बघून उचलत नसेल," फ्रोदे म्हणाला.

"फ्रोदे, माझा नंबर त्याच्याकडे नाहीच आहे."

फ्रोदेच्या हातात राईच्या पावाचा तुकडा होता. तो त्याने ताटलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत तो प्रवासी म्हणून चढला. इतक्या वर्षांत स्वेनबोर्गला तो कितीदा तरी गेला होता, दाताच्या डॉक्टरकडे, लोखंडी सामानाच्या दुकानात. आयलरची गल्ली त्याला नीट ठाऊक होती. ती टाळायला कुठून वळायचं हेही ठाऊक होतं.

आयलर तिसऱ्या मजल्यावर राहायचा. घंटा वाजवून काही उपयोग झाला नाही. जिन्यातून कपड्यांची टोपली घेऊन एक बाई वर आली, सत्तरीची, ठेंगणी. समोरच्या दाराची शेजारीण, ओडा. तिने विचारलं, कोण तुम्ही? फ्रोदेने सांगितलं, मी त्याचा भाऊ.

ओडाने टोपली खाली ठेवली. "त्याला भाऊ आहे?" ती म्हणाली. "इस्पितळात मला विचारलं, जवळचं कुणी आहे का. मी सांगितलं, कुणी नाही."

तिने हळूहळू सगळं सांगितलं. तीन दिवसांपूर्वी अॅम्ब्युलन्स येऊन आयलरला घेऊन गेली. स्वयंपाकघरात पडलेला सापडला. पण त्याआधी कितीतरी दिवस त्याचं काहीतरी बिनसलं होतं. किल्ली भलत्याच दाराला लावायचा. दुधाची बाटली कपाटात ठेवायचा. एक पाय जरा ओढत चालायचा, बोलताना मध्येच शब्द हरवायचा. ती त्याला डॉक्टरकडे जा म्हणाली, तर म्हणायचा, जातो, जातो. ती आणखी काय करणार? शेजारीण ती.

"कधीपासून हे?" फ्रोदेने विचारलं.

ओडा आठवू लागली. खालच्या अंगणातला सफरचंदाचा मोहर गळत होता तेव्हापासून, ती म्हणाली. फ्रोदेने अर्ज केला होता त्याच सुमारापासून.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईने त्याला बाजूला बसवून सांगितलं. मेंदूत रक्ताची गाठ. आधी लहान लहान झटके येऊन गेले असावेत, मग हा मोठा. उजवी बाजू गेली आहे, वाचा गेली आहे. किती परत येईल हे आताच सांगता येत नाही. फ्रोदेने विचारलं, त्या लहान झटक्यांच्या वेळी कुणी आलं असतं तर? तिने नेहमीचं उत्तर दिलं, असं ठामपणे म्हणता येत नाही. पण फ्रोदे तिच्याकडे बघतच राहिला, तेव्हा ती फाइल मिटून म्हणाली, "कदाचित. कदाचित फरक पडला असता."

तो खोलीत गेला. उशीवरचं तोंड त्यांच्या वडिलांचं होतं, शेवटच्या वर्षातल्या. अर्धा चेहरा खाली ओघळलेला. आयलरने डोळे उघडले, बराच वेळ फ्रोदेवर रोखले आणि म्हणाला, "बरं."

फ्रोदे म्हणाला, "मी आहे. फ्रोदे."

"बरं. बरं, बरं."

परिचारिकेने नंतर सांगितलं की त्याच्याकडे तेवढा एकच शब्द उरला आहे. पाणी हवं असलं तरी बरं, दुखलं तरी बरं. असं होतं कधी कधी. काही कळतं, सगळं नाही कळत. किती कळतं हे कुणालाच नेमकं ठाऊक नसतं.

फ्रोदे त्या दिवशी बेटावर परतला नाही. ओडाकडून किल्ली घेऊन तो भावाच्या घरात झोपला, म्हणजे पडून राहिला. घर नीटनेटकं होतं. खिडकीपाशी खुर्ची, टेबलावर टॅबलेट. सकाळी त्याने तो सुरू केला. त्याला कुलूप नव्हतं. पत्रांच्या पेटीत कितीतरी न उघडलेली पत्रं साचली होती आणि त्यातच कंपनीची ती ईमेल, तिच्यावर आठवणीच्या दोन. खाली ग्रामसंघाचं पत्रही होतं. तेही उघडलेलं नव्हतं. म्हणजे राग वगैरे काही नव्हताच. माणूस एकटा घरात हरवत चालला होता, आणि पलीकडे त्याचा भाऊ तिकिटं फाडत त्याच्यावर चिडत बसला होता.

त्याला ते बटण तिथंच दाबता आलं असतं. बोट जवळ नेलं आणि मागे घेतलं. टॅबलेट कोटाच्या आत धरून तो इस्पितळात चालत गेला.

आयलरला उशा लावून बसवलं होतं. फ्रोदेने टॅबलेट त्याच्या डाव्या हाताखाली धरला. "बेटाचं सर्टिफिकेट," तो म्हणाला. "लोकांनी जीव खाल्लाय माझा. व्हिगो तर विचारूच नकोस. तुझा होकार पाहिजे, आयलर."

आयलरने पडद्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाची चांगली बाजू जरा वर गेली. हसला की काय, फ्रोदेला समजलं नाही. डावं बोट उचललं, भलतीकडेच पडलं आणि पडद्यावर काहीतरी दुसरंच उघडलं. फ्रोदेने ते मिटलं. पुन्हा बोट पडलं, पुन्हा चुकलं. परिचारिका मदतीला पुढे आली तर फ्रोदेने तिला हातानेच थांबवलं. तिसऱ्यांदा ते बोट नेमकं बटणावर टेकलं आणि तिथंच राहिलं.

"बरं," आयलर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फ्रोदेने शाळेच्या माळ्यावर जाऊन नवं प्रमाणपत्र सर्व्हरवर चढवलं. ताकीद थांबली, सिग्नेला ग्रीनलंडहून आलेला फोटो दिसला. व्हिगो तिकीटखिडकीवर येऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला. फ्रोदे म्हणाला, तुझं काही चुकलं नव्हतं.

आयलरला पुढे स्वेनबोर्गच्या एका वृद्धाश्रमात हलवलं. उन्हाळाभर फ्रोदे रविवारच्या फेरीने जायचा. कधी मेरेते बरोबर असायची, बहुतेक वेळा एकटाच. तो भावाची दाढी करायचा, लिव्हरची चटणी लावलेला पाव बारीक तुकडे करून भरवायचा आणि बोलायचा. इतकं तो जन्मात कधी बोलला नव्हता. बेटावर कोण मेलं, कोण परत आलं, धक्क्याची डागडुजी कशी झाली. आयलर प्रत्येक गोष्टीला बरं म्हणायचा, कधी बरोबर जागी, कधी वाक्याच्या मध्येच.

ऑगस्टमधल्या एका रविवारी, दाढीचा साबण पुसता पुसता, फ्रोदेने विचारलं. आवाज चढवला नाही. "एलिदाला मोडायच्या आधी मला का नाही विचारलंस रे? मी नाही म्हटलं असतं, खरं आहे. पण मग आपण भांडलो तरी असतो."

आयलरने तोंड खिडकीकडे वळवलं.

"आणि मी," फ्रोदे म्हणाला, "मी मे महिन्यातच यायला हवं होतं. पहिल्याच दिवशी मला कळलं होतं की काहीतरी चुकतंय. तुझा होकार कधी दुपार टळू द्यायचा नाही. मला कळलं होतं आणि मी चिडून बसलो."

आयलरच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. पण ते त्या आजारात तसंही यायचं, जेवताना, बातम्या बघताना. "बरं," तो म्हणाला. "बरं, बरं." फ्रोदेने त्याचा हात हातात घेतला. हा शब्द माफीचा होता, की पाणी हवं होतं, हे त्याला त्या दिवशीही कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही. त्याने पाणी पाजलं. आयलरने दोन घोट घेतले.

ऑक्टोबरमध्ये दुसरा मोठा झटका आला आणि आयलर गेला. बेटाचं नाव वारसाहक्काने फ्रोदेकडे आलं. त्याने ते ग्रामसंघाला लिहून दिलं. प्रमाणपत्राचं काम शिक्षिकेकडे सोपवलं. तिने फुकटचं, आपोआप नवं होणारं लावलं, आणि त्यानंतर बेटावर त्याचा विषय कधी निघाला नाही.

आयलरला आईवडिलांशेजारी पुरलं. शवपेटी फेरीने आली. बोटीवरचा झेंडा अर्ध्यावर उतरवला होता. व्हिगोने आणि आणखी पाच जणांनी ती धक्क्यावरून चर्चपर्यंत खांद्यावरून नेली, मोटार असूनही. ओडाही आली होती. तिने यापूर्वी बेट कधी पाहिलं नव्हतं. नंतर फ्रोदेच्या घरी कॉफी आणि केक झाला, लोक पांगले, आणि ती परतीच्या फेरीची वाट बघत स्वयंपाकघरात मेरेतेला कप पुसायला मदत करत होती. फ्रोदे दारापाशी उभा होता.

"ही तुमची फेरीबोट मी ओळखते," ओडा म्हणाली. "आयलर दुपारी बंदरावर जाऊन बसायचा ना. कारखान्यातली नोकरी संपल्यापासून रोजच. ही पांढरी बोट लागायची, माणसं उतरायची, मग तो उठून घरी यायचा. मला वाटायचं, जुना दर्यावर्दी, बोटी बघायला आवडत असेल."

मेरेतेने नळ बंद केला.

"कुठं बसायचा?" फ्रोदेने विचारलं.

"बाकावर. तिथं दोन-तीन बाकं आहेत ना, धक्क्याच्या कडेला."

"त्यातल्या कुठल्यावर? मी उतरताना दिसेन अशा?"

ओडा हातातला कप फिरवत आठवत राहिली. मग तिने मान हलवली. तिला तसं काही सांगता येईना. ती काही मुद्दाम बघायला गेली नव्हती. फ्रोदेने तिचा कोट आणून दिला आणि तिला फेरीपर्यंत पोचवायला तो तिच्याबरोबर निघाला.